औषधाचं कडं

खोटं वाटलं तर वाटू द्या. ज्याच्या डोळ्यांदेखत हे घडलं तो माणूस आष्ट्यात राहतो. तुम्ही त्या बाजूला असाल तर कदाचित त्यानं तुमच्याही घरी औषध मारलं असेल.

अमृत. माझा मावसभाऊ.

असल्या गोष्टींत रात्र असते, अमावस्या असते, कुत्री रडत असतात. इथं तसलं काही नाही. वैशाखातली दुपार होती. डोक्यावर ऊन मी म्हणत होतं. जत तालुक्यातलं, पार कर्नाटकच्या शिवेला लागून असलेलं गाव. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, त्या घरातली माणसं अजून त्याच घरात राहतात.

अमृतचा धंदा पेस्ट कंट्रोलचा. झुरळं, ढेकूण, घुशी आणि उधई. शहरात जिला वाळवी म्हणतात, ती आमच्याकडं उधई. पाऊस लागला की ती भिंतीत चढते, म्हणून लोक उन्हाळ्यातच औषध मारून घेतात. त्या दिवसांत अमृतला जेवायला सवड नसते. सांगलीपासून जतपर्यंत नुसता पळत असतो.

माणूस धीट म्हणावा तर धीट नाही, निबर आहे. कुणाच्या माळ्यावर मेलेली घूस सडत असली तरी शेपटीला धरून खाली आणेल, हात धुवेल आणि निवांत चहा पिईल. देवदेवस्कीची चेष्टा तर त्याच्या तोंडातच. आई आमची नेहमी ओरडायची, "नको रं असं बोलू."

आता तो तसं बोलत नाही.

त्याला फोन आला होता भाऊसोचा. भाऊसो हा डाळिंबवाला शेतकरी. घराणं पिढ्यान्पिढ्या मेंढरं राखणारं, पण यानं बोअर मारली, बाग लावली आणि माळावर झकास बंगला बांधला. बंगला अगदी नवा. आणि नव्या बंगल्यात उधई.

"एकाच कोपऱ्यात येतीया बघा," भाऊसो म्हणाला होता. "पुसली तरी सकाळी मातीची वाट परत भिंतीवर. हॉलची चौकट पार पोकळ केलीया."

अमृत पोहोचला तेव्हा दुपार होत आली होती. बागेच्या कडेला पाण्याचा टँकर रिकामा होत होता. अंगणापलीकडं जाळीच्या कुंपणात मेंढरं बसली होती. राखणीचं काळं कुत्रं अमृतवर असं धावून आलं की भाऊसोला ते गळपट्ट्याला धरून ओढावं लागलं.

"अनोळखी माणूस खपत न्हाई त्येला," भाऊसो म्हणाला. "फकस्त आईचं ऐकतंय."

ती आई आत बसली होती. चंद्राबाई. हॉलच्या त्याच कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून. वय झालेलं, पण काठीसारखी ताठ. अजूनही रोज मेंढरं माळावर तीच न्यायची. तिच्यापुढं एका वाटीत दूध ठेवलेलं होतं.

"आजी, भायेर बसावं लागंल," अमृत म्हणाला. "औषधाचा वास लय वाईट."

"कुठनं कुठवर मारणार?"

"समद्या घराला कडं करायचं. आतनं भिंतीच्या बुडाला भोकं पाडून औषध सोडायचं, भायेरनं चर काढून वतायचं. बोटभर जागा सुटली तरी उधई तिथनंच येती."

"मंग आत असंल त्यानं जायाचं कुठनं?"

अमृत हसला. "उधईला कुठं जाऊ द्यायचं, आजी? तिला मारायलाच आलोय."

"मी उधईचं म्हणत न्हाई..."

भाऊसोनं त्याला बाजूला घेतलं. बोलावं की न बोलावं असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"हितं आधी वारूळ हुतं," तो म्हणाला. "पुरुषभर उंच. आमच्यात म्हणत्यात, पयली मेंढरं वारुळातनं भायेर आली. म्हणून आमी वारूळ मोडत न्हाई. मोडायचीच येळ आली तर एका अंगानं उकरायचं, हळदीचा भंडारा टाकायचा आन दुसरं अंग मोकळं सोडून घरला जायाचं. आत जे काय असंल ते आपल्या पायानं निघून जातं."

"मंग तुमी केलं न्हाई तसं?"

"आई मेंढरं घिऊन लांब गेल्ती. मी जेसीबी लावला. चारी बाजूंनी दाबून सपाट केलं. आन वर घर बांधलं."

"आत काय हुतं?"

"आई नाव घेत न्हाई त्येचं."

अमृतनं मान हलवली, पण मनात म्हणाला, चला, आणखी एक.

सगळ्यांना बाहेर काढलं. भाऊसो, त्याची बायको सोनिया, त्यांची लहानगी शिवांजली. चंद्राबाई सगळ्यांत शेवटी उठली. दुधाची वाटी तिनं तिथंच राहू दिली.

अमृतनं तोंडाला मास्क बांधला आणि ड्रिल चालू केलं.

एकेक भोक पाडत तो भिंतीच्या कडेनं सरकत होता. सगळीकडं सारखंच. फरशी, सिमेंट, मुरूम.

मग तो त्या कोपऱ्यात आला.

ड्रिल आत गेलं... आणि जातच राहिलं.

खाली काहीच लागेना. त्यानं ते उपसून काढलं. भोकातून वारा आला. गार वारा... बाहेर जीव नकोसा करणारं ऊन, आणि जमिनीच्या पोटातून गार वारा. मास्कमधूनही त्याला वास आला. ओल्या लोकरीचा.

त्यानं कान खाली लावला.

खूप खोल... खूप लांब... बारीक बारीक पावलं. एखादा कळप चालत असावा तशी.

अंगणातल्या मेंढरांचा आवाज असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. आणि त्या भोकात औषध सोडलं. बाकीची भोकं चटकन भरत होती. हे भरेना. कॅन रिकामा झाला तरी औषध भोकाच्या तोंडापर्यंत येईना. शेवटी त्यानं तसंच सिमेंट थापून ते बुजवलं.

आणि ते बुजवून झाल्यावर आपण उन्हात जाऊन उभे राहिलो, हे त्यानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय.

बाहेरचा चर भाऊसोनं आधीच काढून ठेवला होता. अमृत औषध ओतत घराला वळसा घालत आला. जिथून सुरुवात केली तिथंच शेवट जोडायचा होता. हातभर जागा राहिली.

तिथं चंद्राबाई उभी होती.

"एवढी एक बाजू सोड, लेकरा."

"आजी, मला ग्यारंटी द्यावी लागती. कडं अर्धवट ठेवलं तर समदं काम फुकट."

"तुझ्या पाया पडते. माझी नात ह्या घरात निजती."

म्हातारी खरंच वाकली. अमृतला कसंतरी झालं. त्यानं भाऊसोकडं बघितलं. भाऊसो दुसरीकडं बघत म्हणाला, "करा तुमी. काम अर्धवट नगं."

अमृतनं औषध ओतलं. कडं पुरं झालं.

त्याच क्षणी कुत्रं भुंकायचं थांबलं.

बसलेली मेंढरं उठून उभी राहिली. सगळी. एकही ओरडलं नाही. सगळ्यांची तोंडं घराकडं.

आणि मग... बंद घरात काहीतरी पळालं.

भिंतीला लागून. हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून आतल्या खोलीत, पुन्हा हॉलमध्ये. थांबलं. मग उलट फिरलं.

अमृतनं मागं वळून बघितलं. भाऊसो, सोनिया, शिवांजली, म्हातारी. सगळी अंगणातच होती.

"घूस असंल," तो म्हणाला.

सोनियानं पोरीला उचलून कडेवर घेतलं.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. अमृत विट्यात एका बंगल्यावर काम करत होता आणि भाऊसोचा फोन आला. आवाज बसलेला.

"तुमच्या औषधानं माणसाला काय हुतं का?"

"का? कुणाला काय झालं?"

"आईला. येड्यावानी करतीया. घरातनं भायेर पडंना."

त्यानं व्हिडिओ पाठवला. अमृतनं तो मलाही दाखवला होता, म्हणून सांगतो. भर दिवसा काढलेला. चंद्राबाई हॉलच्या भिंतीच्या कडेनं चालतीय. तळहात भिंतीवर, अंधारात दार चाचपावं तसा. कोपरा आला की थांबते, भिंतीवर थापा मारते, परत वळते. परत तेच. ओठ हलतायत.

आणि ती एकटी चालत असताना व्हिडिओत आवाज येतो तो खुरांचा...

टप टप टप टप. शेकड्यानं.

"मेंढरं अंगणात असतील," अमृत फोनवर म्हणाला.

"मेंढरं पावण्याच्या रानात बसवल्यात," भाऊसो म्हणाला. "हितं एक बी न्हाई."

दाराजवळ आणलं की तिचे पाय उंबऱ्यावर थिजायचे. भाऊसोनं एकदा तिला उचलून गाडीत घालायचा प्रयत्न केला. अंगणात, चरापलीकडं नेलं मात्र, आणि म्हातारीची मान लटकी पडली. श्वास सापडेना. सोनियानं किंकाळी फोडली. परत आत आणलं तेव्हा डोळे उघडले. मग डॉक्टरच घरी आणला. रक्त तपासायला सांगलीला पाठवलं. विष नाही, काही नाही. पण पोटात अन्नाचा कण नव्हता आणि पाय सुजून फुटायला आले होते. असं चाललं तर म्हातारी फार दिवस काढणार नाही, डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं.

अमृतला झोप लागेना. मला म्हणाला, "मी हातानं एक माणूस मारतोय असं वाटतंय रं."

असं बोलणारा तो माणूस नाही. मीच घाबरलो.

तो कुणी न बोलावता परत गेला. सकाळी निघून उन्हं तापायच्या आत तिथं पोहोचला. मेंढरं परत अंगणात आणली होती, पण ती घराकडं पाठ करून एका कडेला गोळा झाली होती.

चंद्राबाई चालतच होती. अमृतला बघून ती पहिल्यांदा थांबली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"मला धरून चालतंय लेकरा ते," ती म्हणाली. "त्येला वाट गावंना... आन मला सुटका न्हाई."

अमृत तिच्या पायाशी बसला. रडला. "चुकलं आजी माझं. आत्ता खोलतो."

त्यानं कुदळ घेतली. त्या कोपऱ्याच्या बाहेरच्या बाजूला औषध प्यायलेली माती खोलवर उकरून काढली, पोत्यात भरली. रानातली ताजी माती आणून भरली. आत जाऊन छिन्नीनं सिमेंट फोडलं आणि ते भोक मोकळं केलं. भाऊसोनं भंडारा टाकला. पोरीला घेऊन सोनिया लिंबाखाली उभी राहिली.

"आई, तू बी भायेर ये," भाऊसो दारातून म्हणाला.

चंद्राबाईनं नाही म्हणून मान हलवली. ती कोपऱ्यात बसली, भिंतीला पाठ लावून. सगळे बाहेर आले.

ऊन चढलं. पान हलत नव्हतं.

मग त्या ताज्या मातीतून... एक श्वास सुटल्यासारखा आवाज आला.

जमिनीलगत धूळ उठली. एक बारीकशी रेघ, अंगणातून सरकत जाणारी. मेंढरांपर्यंत गेली. आणि मेंढरं दुभंगली. मधे वाट झाली, माणूस जाईल एवढी.

"गेलं..." अमृत पुटपुटला. "गेलं ओ भाऊसो!"

सोनियानं हात जोडले.

भाऊसो मात्र कुत्र्याकडं बघत होता.

ते कुत्रं, जे परक्या माणसाचा घास घ्यायला उठतं, ते जमिनीवर लोळत होतं. शेपूट हलवत होतं. लाडानं कुईं कुईं करत होतं. मग उठलं आणि त्या धुळीच्या मागं चालू लागलं. जवळून, कुणाच्यातरी पायाला अंग घासत.

मेंढरांनी जाळी आडवी केली. एकापाठोपाठ एक, शिस्तीत, माळाच्या दिशेनं निघाली.

पुढं कुणीही नव्हतं.

भाऊसो हाका मारत त्यांच्यामागं पळाला. अमृत घरात शिरला.

चंद्राबाई कोपऱ्यात बसली होती. शांत. हात मांडीवर. चालणं थांबलं होतं. सोनियानं पाणी दिलं तर तिनं तोंड बाजूला केलं. मग वाटीतलं दूध दिलं. ते ती प्याली, थेंब न ठेवता. सोनिया आनंदानं रडायलाच लागली.

"आत्याबाई, बरं वाटतंय न्हवं?"

चंद्राबाईनं तिच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. किती वेळ तरी... पापणी न लववता.

अमृत म्हणतो, तेव्हाच त्याच्या मनात आलं होतं. पण त्यानं ते मनातून हाकललं. म्हातारी जगली होती. त्याच्या छातीवरचा दगड उतरला होता. बरं झालं एवढंच त्याला मानायचं होतं. कुणालाही तेच मानावंसं वाटलं असतं.

दिवस कलता कलता मेंढरं परत आली. पोटं भरलेली, तोंडं ओली. त्या माळावर उन्हाळ्यात प्यायला थेंब मिळत नाही. भाऊसो मागून आला तेव्हा त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"मला कुणी दिसलं न्हाई," तो म्हणाला. "पर एक कोकरू मागं राहिलं हुतं. ते अधांतरी उचललं गेलं... आन कळपात ठेवलं गेलं. आई ठेवती तसं. हळू."

आईकडं बघायला तो दारापर्यंत आला. कुत्रं त्याच्यासोबत होतं. उंबऱ्याशी येताच कुत्र्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले. कोपऱ्यात बसलेल्या चंद्राबाईकडं बघून ते दात विचकून गुरगुरलं.

त्या दिवसापासून कुत्रं घरात पाऊल टाकत नाही.

यानंतरचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं, कारण अमृत त्यावर बोलायला तयार नसतो. म्हातारीची तब्येत ठणठणीत आहे. सुजलेले पाय उतरले. डॉक्टर म्हणतात, चमत्कारच. ती फक्त दूध पिते. बोलत नाही. शिवांजली आजी आजी करत मांडीवर जाऊन बसली, तर तिनं पोरीला ओळखलंच नाही. पोरगी नंतर आईला म्हणाली, आजीचं अंग गार लागतंय. सोनिया रोज तिचं अंथरूण झाडते. त्यात रोज माती निघते. बारीक, चाळल्यासारखी.

आणि रोज सकाळी मेंढरं आपापली उठून माळावर जातात. संध्याकाळी आपापली येतात.

परवा पावसाची लक्षणं दिसायला लागली तसा अमृतनं भाऊसोला फोन केला. स्पीकरवर. मी शेजारीच बसलो होतो.

"चौकट कशी हाय?" अमृतनं विचारलं.

"गेली. आता कपाटाला लागलीया. छताच्या लाकडात बी चढली."

अमृत चाचरत म्हणाला, "पाऊस पडला की लय वाढंल. दुसरं काय करत न्हाई, पर ती मोकळी बाजू... तेवढी भरून घिऊ का?"

"हात लावायचा न्हाई."

"आवं, घर खाऊन टाकंल ती."

"खाऊ दे." भाऊसोचा आवाज एकदम फुटला. "माझी आई भायेर हाय, अमृतराव. दिवस मावळला की त्या कोपऱ्यापतूर येती. धूळ दिसती. कुत्रं नाचतं. घटकाभर थांबती आन माघारी जाती. एखाद्या दिशी आत यावं वाटलं तिला, तर कुठनं येईल? दुसरी वाट हाय का?"

फोनवर लांबून मेंढरांचा आवाज येत होता.

अमृतनं विचारू नये ते विचारलं.

"आन आत बसलीया ती?"

भाऊसोनं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"तिला दूध घालतो," तो हळूच म्हणाला. "तिचं वारूळ मोडून माझं घर बांधलंय. तिला जा म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?"

मागं सोनियाचा आवाज आला. आत्याबाई उठल्या, लवकर या, असं काहीतरी म्हणत होती. भाऊसोनं फोन ठेवला.

काल रात्रीपासून तिकडं पाऊस लागलाय. अमृत सकाळपासून फोन लावतोय. रिंग जाते, उचलत कुणी नाही.